व्हिडिओतला मुंढा आणि जाऊबाईंचा ब्लाऊज

पत्र

ताई, मी बार्शीची. वय ३८. जुनं पायमशीन घेऊन त्याला मोटर बसवून घेतलीय. दुपारी घरचं आवरलं की मोबाईलवर शिवणाचे व्हिडिओ बघते. चार टक्सचा ब्लाऊज, कटोरी, प्रिन्सेस कट, सगळं बघून झालं. बघताना सगळं कळतं. माझी छाती ३४, माझा स्वतःचा ब्लाऊज बऱ्यापैकी जमला. त्या भरात जाऊबाईंच्या पैठणीचा ब्लाऊज शिवायला घेतला. त्यांची छाती ४२. ब्लाऊज अंगात गेला, पण हात वर केला की अख्खा वर चढतो, आणि पुढे मुंढ्यापाशी चुण्या पडतात. मुंढा घट्ट होऊ नये म्हणून मी तो अर्धा इंच जास्तच खाली घेतला होता, तरी असं झालं. मुंढ्याचं सूत्र एक बाई ‘छाती भागिले ६’ सांगतात, दुसऱ्या ‘छाती भागिले ४, वजा ३’, तिसऱ्या ‘छाती भागिले ८, अधिक दीड’. मी दुसरं धरलं. जाऊबाई काही बोलल्या नाहीत, पण लग्नाला दुसरीच साडी नेसून गेल्या. सासूबाई म्हणतात, मोबाईल बघून कुणी शिंपी होत नसतं. इथल्या क्लासची फी ६,००० रुपये आणि वेळ नेमकी मुलांच्या शाळेची. मोबाईलवर ‘३० दिवसांत मास्टर टेलर’ असा २,९९९ रुपयांचा कोर्स आहे, सर्टिफिकेटसकट. तो घेऊ का? की सगळंच सोडून देऊ? दिवाळीच्या ऑर्डरी घ्यायचं मनात होतं.

– एक वाचक

उत्तर

सोडून देऊ नका. तुमच्या पत्रात ब्लाऊज कुठे बिघडला हे इतकं नेमकं लिहिलंय, की मला तो न बघता दिसला. चूक कुठे झाली ते असं सांगता येणं हे शिवणात पुष्कळ पुढचं पाऊल आहे. पुष्कळ जणी नुसतंच ‘फिटिंग बसत नाही’ म्हणतात आणि तिथेच अडकतात.

आधी मुंढ्याची, म्हणजे खांद्यापासून काखेपर्यंतच्या खोलीची, ती तीन सूत्रं घेऊ, कारण सगळी गुंतागुंत तिथून सुरू झाली. वही-पेन घ्या आणि ३६ छातीला तिन्ही सूत्रं लावून बघा. ३६ भागिले ६ म्हणजे ६. ३६ भागिले ४ म्हणजे ९, त्यातून ३ गेले, ६. ३६ भागिले ८ म्हणजे साडेचार, अधिक दीड, पुन्हा ६. तिघी बाई बरोबरच सांगतायत, निदान ३६ च्या मापाला. आता तुमची ३४ घ्या. पहिल्या सूत्राने साधारण पावणेसहाच्या किंचित आत, दुसऱ्याने साडेपाच, तिसऱ्याने पावणेसहा. पाव इंचाचा फरक, तो शिवणीत जिरून जातो. म्हणून तुमचा ब्लाऊज जमला. आता जाऊबाईंची ४२. पहिल्याने ७, दुसऱ्याने साडेसात, तिसऱ्याने पावणेसात. इथे पाऊण इंचाचा फरक पडला, आणि तुम्ही तिघींतला सगळ्यात खोल मुंढा उचललात. त्यावर आणखी अर्धा इंच खाली गेलात. म्हणजे पहिल्या सूत्राच्या मानाने पूर्ण एक इंच खोल.

ही सूत्रं मधल्या मापांसाठी सोय म्हणून बसवलेली असतात. मधल्या मापापासून जितकं लांब जाल तितकी ती एकमेकींपासून फाकतात. छाती ३४ ची ४२ झाली म्हणून खांद्यापासून काखेपर्यंतची उंची त्याच प्रमाणात वाढत नाही. हाडं तीच असतात, भरते ती छाती, पाठ आणि दंड. म्हणून मोठ्या मापाला आणि फार बारीक मापालासुद्धा मुंढा सूत्राने काढून भागत नाही. त्या बाईंचा अंगात नीट बसणारा ब्लाऊज मागून घ्यायचा, तो सपाट पसरायचा आणि मुंढा टेपने मोजायचा. सूत्राचं उत्तर आणि हे माप यांत अर्ध्या इंचाच्या वर तफावत आली तर कात्री ठेवून द्यायची आणि कारण शोधायचं.

आता हात वर केल्यावर ब्लाऊज का चढतो ते. इथे बहुतेक नवख्या हातांना उलटं वाटतं, आणि तुम्हालाही वाटलं. हात अडकतोय म्हणजे मुंढा लहान आहे, मग खाली घ्या, सैल होईल. तसं होत नाही. मुंढा खाली गेला की बाहीचा आणि ब्लाऊजचा जोड काखेपासून लांब, बरगडीकडे जातो. हात उचलला की बाही तो जोड वर ओढते, आणि जोड ब्लाऊजच्या बगलेला असल्यामुळे आख्खा ब्लाऊज त्याच्यामागे निघतो. मुंढा काखेच्या जवळ असला तर हात मोकळा फिरतो आणि ब्लाऊज जागचा हलत नाही. मुंढा घट्ट वाटला तर तो खाली नेण्याआधी रुंदीत किती जागा आहे आणि बाहीचा दंडाचा घेर पुरेसा आहे का, हे बघायचं. मोठ्या मापाला बाहीच्या घेरात कमतरता राहते आणि दोष मुंढ्याच्या माथी जातो.

पुढच्या चुण्यांचं कारण वेगळं आहे, दोन्ही एकत्र मिसळू नका. पुढचा मुंढा मागच्यापेक्षा साधारण अर्धा इंच आत कोरायचा असतो, कारण हात पुढे येतात आणि तिथे कापड जास्त झालं तर गोळा होतं. तुम्ही तो कोरला असेलच, कारण ३४ च्या ब्लाऊजला तुम्हाला चुण्या आल्या नाहीत. मला दाट शंका आहे ती टक्सची, म्हणजे छातीला आकार यावा म्हणून कापड दुमडून घातलेल्या शिवणीची. चार टक्सपैकी मुंढ्याकडून निघणारा जो टक्स असतो, तो तुम्ही ३४ च्या ब्लाऊजला जेवढा घेतला तेवढाच ४२ ला घेतला असणार. छाती भरलेली असली की तिच्यावरून कापड वळायला टक्सची खोली वाढवावी लागते. वाढवली नाही की जास्तीचं कापड मुंढ्यापाशी चुणी होऊन बसतं. टक्सची टोकंही तपासा: ती छातीच्या पॉइंटच्या अर्धा ते एक इंच अलीकडे थांबायला हवीत, आणि पॉइंट खांद्यापासून टेप खाली सोडून त्या-त्या बाईच्या अंगावर मोजायला हवा. दोन बायकांचं छातीचं माप एकच असलं तरी पॉइंट दोन जागी असतो.

हे सगळं तुम्हाला व्हिडिओत का कळलं नाही? त्या बाई वाईट शिकवतात असं नाही. त्यांच्यात फार चांगल्या शिकवणाऱ्या आहेत, आणि लहान गावातल्या, घराबाहेर पडता न येणाऱ्या कितीतरी बायकांच्या हातात त्यांच्यामुळे कात्री आली. पण व्हिडिओत एक माप असतं, इस्त्री केलेलं, न सरकणारं सुती कापड असतं, आणि बिघडलेला भाग कापून टाकलेला असतो. उसवताना कुणी दिसत नाही. शिवणकामात उसवणं निम्मं असतं, आणि तो निम्मा भाग तुमच्यापर्यंत पोचतच नाही. शिवाय व्हिडिओतल्या बाई तुमचा हात बघत नाहीत. तुम्ही मुंढा अर्धा इंच खाली न्यायला लागलात तेव्हा समोर कुणी असतं तर म्हणालं असतं, ‘थांब, का खाली घेतेस?’

आणि ‘बघताना सगळं कळतं’ हे तुमचं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. शिकागो विद्यापीठातल्या मायकेल कार्डास आणि एड ओब्रायन या दोघांनी नेमक्या याच गोष्टीवर प्रयोग केले आणि ते २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. काही लोकांना एखादं कसब दाखवणारा व्हिडिओ एकदाच दाखवला, काहींना तोच वीसदा. बाण फेकून नेम साधायचा, टेबलावरची भांडी न हलवता खालचा कपडा झटक्यात ओढून घ्यायचा, अशी कसबं. ज्यांनी वीसदा पाहिलं त्यांना आपल्याला ते जमेल याची खात्री कितीतरी जास्त वाटली. पण करायला लावलं तेव्हा एकदा पाहिलेल्यांपेक्षा त्यांना काही जास्त जमलं नाही. आणखी एका प्रयोगात हातात घेऊन झेलाझेली करायच्या वस्तू लोकांना नुसत्या क्षणभर धरायला दिल्या. त्यांचं वजन हाताला लागल्याबरोबर ‘मला जमेल’ हा फुगलेला अंदाज खाली आला.

तुमच्या पैठणीचं असंच झालं. तुम्ही कटोरी आणि प्रिन्सेस कट पाहिलेत, त्याने भरवसा वाढला, पण हातातून गेला होता एकच साधा ब्लाऊज, तोही स्वतःच्या मापाचा आणि सुती. जरीच्या रेशमाचं सरकणं, कडेने धागे निघणं, एकदा सुई गेली की भोक तसंच राहणं, हे कापड हातात घेतल्याशिवाय कुणालाही कळत नाही. यात तुमची बुद्धी कमी पडली असं अजिबात समजू नका. डोळ्यांनी मिळणारी खात्री सगळ्यांनाच अशी फसवते.

म्हणून आता बघण्याची पद्धत बदला. पुढचे दोन-तीन महिने एकच बाई आणि एकच प्रकार धरा: चार टक्सचा साधा, अस्तराचा ब्लाऊज. बाकी साठवलेली यादी काढून टाका असं मी म्हणणार नाही, पण ती उघडू नका. एक संपला की आपोआप पुढचा व्हिडिओ लागतो, तो पर्याय सेटिंगमध्ये जाऊन बंद करून टाका. त्या पुढच्या व्हिडिओनेच तुम्हाला चार टक्सवरून कटोरीवर आणि कटोरीवरून प्रिन्सेस कटवर नेलं.

कोणत्या बाई निवडायच्या? लाखो लोकांनी पाहिलंय यावर जाऊ नका. नापसंतीचा आकडा तर यूट्यूबने २०२१ पासून दाखवायचाच बंद केलाय. लांबीवरही जाऊ नका. व्हिडिओ ८ मिनिटांच्या वर गेला की मध्ये जाहिराती टाकता येतात, त्यामुळे पाच मिनिटांचं काम ताणलेलं पुष्कळदा सापडतं. त्याऐवजी चार गोष्टी बघा. त्या माप अंगावरून घेतात की तयार ब्लाऊजवरून, हे आधी स्पष्ट सांगतात का. आकड्यात शिलाईची मार्जिन धरलीय की वेगळी सोडायचीय, हे सांगतात का. तुमची दोन-तीन बायांमध्ये जी तारांबळ उडाली ती इथेही उडाली असणार, कारण एकीचा ‘साडेनऊ’ हा आकडा मार्जिनशिवायचा असतो आणि दुसरीचा मार्जिनसकट. तिसरं, त्या ब्लाऊज उलटा करून आतली शिवण दाखवतात का. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, तयार ब्लाऊज कुणाच्या तरी अंगावर घालून, हात वर करून दाखवतात का. नुसता हँगरला लावलेला ब्लाऊज सगळ्यांचाच छान दिसतो.

बघायचं कसं, तेही सांगते. पहिल्यांदा पूर्ण व्हिडिओ हातात काहीही न घेता बघा. मग मोबाईल उलटा ठेवा आणि वहीत आठवेल ते लिहून काढा: कोणतं माप कुठे धरलं, खांदा किती उतरवला, पुढचा मुंढा कुठून कोरला. अडेल, राग येईल, उघडून बघावंसं वाटेल. तिथेच शिकणं चाललेलं असतं. रोडिगर आणि कार्पिकी या अभ्यासकांचा २००६ मधला प्रयोग आहे. एक उतारा एका गटाने पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्याने वाचून झाल्यावर न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे होते, पण आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात जास्त राहिलेलं होतं. तर लिहून झालं की वर्तमानपत्रावर आखा आणि कापा, तेही मोबाईल न उघडता. मग उघडा आणि ताडून बघा. जिथे चुकलं तेवढाच भाग वेग अर्ध्यावर आणून पुन्हा बघा. मुंढ्याला बाही जोडताना डावा हात काय करतोय, कोणतं कापड खाली आहे, हे नेहमीच्या वेगात दिसतच नाही.

त्यानंतर कापड. मांजरपाट आणा किंवा घरातली विरलेली सुती साडी घ्या, आणि एकाच मापाचा तोच ब्लाऊज पुन्हा पुन्हा शिवा. कंटाळवाणं आहे, तरी करा. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलायची: एकदा फक्त मुंढा पाव इंच वर, पुढच्या वेळी फक्त टक्स खोल. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने काय झालं ते कळत नाही. घालून हात वर करा, पुढे घ्या, खाली वाका, आरशात बघा, आणि कागदाच्या कापावरच पेन्सिलने लिहून ठेवा, ‘डाव्या मुंढ्याला चुणी’, ‘मागचा गळा मोठा, खांदा उतरतो’. तो कागद जपा. तुमची खरी वही तीच होईल, आणि ती कुठल्याही व्हिडिओत मिळणार नाही.

मशीनच्या अडचणींबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत, पण जुनं पायमशीन म्हटल्यावर दोन शब्द. सुती कापडाला १४ नंबरची सुई, रेशमासारख्या तलम कापडाला ११. टाक्याच्या खालच्या बाजूला धाग्याचे फास दिसले तर बहुतेक वेळा दोष वरच्या धाग्यात असतो, बॉबिनमध्ये नाही. आधी धागा पुन्हा ओवून बघा. आणि सुती अस्तर शिवायच्या आधी पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्या, नाहीतर पहिल्या धुण्यात ते आटतं आणि वरच्या कापडाला ओढ बसते.

आणखी एक शिक्षक तुमच्या कपाटात आहे. एखाद्या जाणत्या टेलरने शिवलेला, अंगात उत्तम बसणारा पण आता विटलेला ब्लाऊज काढा आणि तो सावकाश, एकेक शिवण करत उसवा. कोणती शिवण आधी घातली होती, कुठे मार्जिन जास्त सोडली होती, पुढचा आणि मागचा मुंढा एकमेकांवर ठेवल्यावर कुठे वेगळे होतात, टक्स उघडल्यावर कापड किती पसरतं, सगळं समोर येतं. मी माझ्या शिवणवर्गात नव्या मुलींना आधी हेच करायला लावते.

सासूबाईंचं म्हणणं अर्धं खरं आहे. मोबाईल बघून कुणी शिंपी होत नाही, शिवून होतं. पण बघूनच शिकण्याची रीत जुनीच आहे. दुकानात काजं-बटणं करता करता उस्तादाच्या हाताकडे बघत पिढ्यान्‌पिढ्या कारागीर तयार झाले. त्यांच्याकडे जास्त काय होतं, तर चुकल्यावर लगेच टोकणारं माणूस. तेवढं एक माणूस तुम्हाला मिळवायचंय. बार्शीत तुमच्या गल्लीत नाहीतर पलीकडच्या गल्लीत ब्लाऊज शिवणाऱ्या कुणी वयस्कर बाई नक्की असतील. त्यांना सांगा, महिन्यातून एकदा मी शिवलेलं घेऊन येईन, तुम्ही चुका दाखवा, आणि त्या वेळेचे पैसे देईन. पैसे द्याच. फुकट विचारलं की लोक ‘छान आहे’ म्हणून वाटेला लावतात.

२,९९९ चा कोर्स घेऊ नका. ते पैसे मागतात हे माझ्या नकाराचं कारण नाही. ब्लाऊज शिवायला देणारी बाई सर्टिफिकेट विचारत नाही, आधीच्या गिऱ्हाइकाचा ब्लाऊज बघते. आणि तुम्हाला आणखी व्हिडिओंची गरज नाही, तुमचं काम बघणाऱ्या माणसाची आहे. तरी मन होत असेल तर त्यांना एकच प्रश्न लेखी विचारा: मी शिवलेल्या ब्लाऊजचे फोटो पाठवले तर शिकवणाऱ्या बाई स्वतः बघून दोष सांगतील का, आणि किती वेळा? गोलमोल उत्तर आलं तर विषय सोडा.

क्लासचं मात्र वेगळं आहे. ६,००० रुपयांत टोकणारं माणूस रोज मिळत असेल तर तो खर्च वाया जात नाही. पण आत्ताच्या वेळेत जमत नसेल तर ओढाताण करू नका. काही महिने स्वतः शिवून, आपल्या चुकांची यादी घेऊन गेलात तर त्याच क्लासमध्ये दुप्पट शिकाल. तोवर दोन ठिकाणी चौकशी करा. सरकारी आयटीआयमध्ये शिवणकामाचा एक वर्षाचा ट्रेड असतो, तो पूर्ण वेळेचा आहे, पण तुमच्या धाकट्याची शाळा मार्गी लागल्यावर विचार करण्यासारखा. आणि जन शिक्षण संस्थान. पूर्वी याला श्रमिक विद्यापीठ म्हणत, पहिलं १९६७ मध्ये मुंबईत निघालं. शिक्षण अर्धवट राहिलेल्या, घरकाम सांभाळणाऱ्या लोकांसाठीच ही व्यवस्था आहे आणि शिवणकाम हा तिच्या नेहमीच्या विषयांपैकी एक. तुमच्या जिल्ह्यात त्यांचे वर्ग कुठे आणि कोणत्या वेळेला चालतात ते विचारून घ्या.

याच व्हिडिओंच्या रांगेत ‘मोफत शिलाई मशीन, आजच अर्ज करा’ असेही व्हिडिओ तुम्हाला दिसत असतील. प्रधानमंत्र्यांच्या नावाने फिरणारी मोफत शिलाई मशीनची ती योजना खोटी असल्याचं सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने जाहीर केलेलं आहे. तिथे आधार नंबर, बँकेचा तपशील किंवा ‘नोंदणी फी’ देऊ नका. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेली पीएम विश्वकर्मा योजना खरी आहे. तिच्यातल्या १८ व्यवसायांत शिंपीकाम आहे, थोड्या दिवसांचं प्रशिक्षण आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतची मदत आहे. पण ती आधीपासून तो व्यवसाय करणाऱ्यांसाठी आहे. तुमचं काम सुरू झाल्यावर सामान्य सेवा केंद्रात जाऊन चौकशी करा.

आता जाऊबाई. त्या काही बोलल्या नाहीत, म्हणजे त्यांना वाईट वाटलंय आणि तुम्हाला दुखवायचं नाहीये. तुम्ही आपणहून जा. ‘मुंढा माझ्याकडून जास्त खाली गेला, दुरुस्त करून आणते’ एवढंच बोला; घरच्या सगळ्यांसमोर नको, दोघीच असताना. पैठणीला मात्र आता स्वतः सुई लावू नका. उसवून पुन्हा शिवलेल्या रेशमावर भोकं राहतात, म्हणून दुसरा प्रयत्न एकदाच आणि जाणत्या हाताने व्हायला हवा. खाली गेलेला मुंढा वर आणता येत नाही, पण काखेत बाही आणि बगल जिथे मिळतात तिथे शंकरपाळ्याच्या आकाराचा तुकडा घालून हात मोकळा करता येतो. कापताना उरलेले पैठणीचे तुकडे टाकले नसतील तर सगळे जमा करा. नसतील तर त्या रंगाचं साधं रेशीमही चालेल, काखेत ते दिसत नाही. बाही उसवलेली असतानाच मुंढ्याचा टक्सही खोल घेऊन होईल, चुण्या जातील. अनुभवी टेलरकडे द्या, मजुरी तुम्ही भरा, आणि त्यांना विनंती करा की हे करताना मला शेजारी बसू द्या. ज्या चुकीचं तुम्हाला इतकं लागलंय, तिची दुरुस्ती डोळ्यांसमोर बघायला मिळणं हा धडा कुठल्याही कोर्सपेक्षा मोठा आहे.

दिवाळीला ब्लाऊजच्या ऑर्डरी घेऊ नका. सणाच्या तोंडावर तारीख पाळायची घाई, नवं कापड, अनोळखी माप, तिन्ही एकदम अंगावर येतील. पण रिकाम्या बसू नका. साडीला फॉल लावणं हाताने होतं, ते सुरू करा. पिकोला वेगळं मशीन लागतं, ते काम दुसरीकडे करून घेता येईल. परकर शिवा. आणि अल्टरची कामं आवर्जून घ्या: ब्लाऊज सैल करणं, घट्ट करणं, बाह्या बदलणं, हूक लावणं. पैसे कमी मिळतात, पण वेगवेगळ्या शिंप्यांनी शिवलेले, वेगवेगळ्या अंगांचे ब्लाऊज आतून उघडून बघायला मिळतात, आणि आपली मापं नीट का बसत नाहीत हे बायका स्वतःच्या तोंडाने सांगतात. मार्जिन नेहमी दीड-दोन इंच सोडणाऱ्या शिंप्याची किंमतही तेव्हाच कळते.

जाऊबाईंच्याच मापाचा ब्लाऊज, त्यांची हरकत नसेल तर, मांजरपाटात शिवा. मुंढा त्यांच्या चांगल्या ब्लाऊजवरून मोजून घ्या. तो शिवून झाला की मला तीन फोटो पाठवा: समोरून, बाजूने हात वर केलेला, आणि ब्लाऊज उलटा करून आतल्या शिवणीचा. चेहरा यायची गरज नाही. सोबत कागदाच्या कापाचा फोटो आणि त्यावर सगळी मापं लिहिलेली असू द्या. मुंढा बसला की मग आपण मागच्या गळ्याकडे वळू, कारण मोठ्या मापाला खोल गळा घेतला की पुढची अडचण खांदा उतरण्याची येते, आणि तिला पुन्हा वेगळं कारण असतं.